सोन्याचा जोड

"रविवारी नव्वद किलो! पूर्ण दाब!" इंजिनियर मोंतेयानो जेवणाच्या तंबूत बाकावर चढून ओरडला. "मंत्रिसाहेब स्वतः येऊन कॉम्प्रेसरचं बटण दाबणार आहेत. त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, आपण झडप उघडून लाइनीत गॅस सोडायचा. तोवर लाइनीवरच्या पट्ट्यावर एक खिळासुद्धा पडलेला मला दिसता कामा नये."

शंभरेक माणसांनी पत्र्याच्या ताटल्या बडवल्या. चौदा महिने चाकोच्या काटेरी रानात धूळ खाल्ल्यावर घरी जायची तारीख कळली होती, मग ताटल्या बडवणार नाहीत तर काय. लिसांद्रो आरामायोने मात्र बडवली नाही. त्याच्या हातातला मग कलंडला, गरम कॉफी मांडीवर सांडली, तरी तो तसाच बसून राहिला.

"मेस्त्री, पँट!" शेजारचा ओरडला. "मंत्री यायला अजून चार दिवस आहेत, आत्तापासून कसली घाई?"

सगळे हसले. लिसांद्रोही हसला.

लिसांद्रो बावन्न वर्षांचा होता आणि त्यातली अठ्ठावीस त्याने पाइपाला पाइप जोडण्यात घालवली होती. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. कामिरीत दोन खोल्यांचं घर, नेलिदा नावाची बायको, लग्न होऊन सांताक्रूझला गेलेल्या दोन मुली. कोणाशी भांडण नाही, पिऊन कुठे पडला नाही, आणि इतक्या वर्षांत साधा फोरमनही झाला नाही. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीलाच माफ करा म्हणेल असा माणूस. पण हातात वेल्डिंगची कांडी आली की त्याच्यासारखा हात अख्ख्या लाइनीवर दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्याचा नंबर एकतीस. प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी पिवळ्या रंगाने आपला नंबर घालतो. शाबासकीसाठी नाही, पुढेमागे काही झालं तर कोणाची मान धरायची ते कळावं म्हणून.

जोड क्रमांक चार हजार चारशे सतरा त्याला दिला गेला तो त्या हातामुळेच. हा जोड काय होता ते सांगायला हवं, नाहीतर लिसांद्रोची भीती कळणार नाही. लाइन एकसंध होत नाही, तुकड्यातुकड्याने होते. प्रत्येक तुकडा जमिनीत घालून पाण्याने भरतात आणि गॅसचा कधी असणार नाही इतका दाब देतात. फुटायचा असेल तर पाण्याने फुटू दे, चिखल होईल, दुसरं काही नाही. पण असे दोन तपासलेले तुकडे शेवटी एकमेकांना जोडावे लागतातच, आणि त्या एका जोडाची परीक्षा पाणी घेऊ शकत नाही. त्याला पहिल्यांदा भेटतो तो थेट गॅसच. धंद्यातली माणसं त्याला सोन्याचा जोड म्हणतात आणि सगळ्यात भरवशाच्या हाताला देतात.

तो जोड जुलैतल्या एका मंगळवारी झाला होता, गुइरारेंदा गावाच्या कडेला. सकाळी शर्ट अंगाला चिकटत होता. दुपारी शेवटचा थर घालून लिसांद्रोने तोंडावरचा मुखवटा वर केला, तर दक्षिणेचं आभाळ शिशासारखं झालेलं. सुरासो. हा दक्षिणेचा वारा आला की चाकोत तासाभरात पस्तीसाचा पारा सातावर येतो. लिसांद्रोने घाईघाईने जोडाभोवती ॲस्बेस्टॉसचं जाड कांबळं गुंडाळलं आणि तारेने आवळलं. तापलेल्या जोडाला बाळंतिणीसारखं वाऱ्यापासून जपावं लागतं, हळूहळू निवू द्यावं लागतं. एकदम गार पडला तर पोलाद आतून चिरतं. त्यातली लबाडी अशी की ते लगेच चिरत नाही. दोन दिवसांनी चिरतं, तीन दिवसांनी चिरतं, कोणी बघत नसताना.

आणि मग त्याचा हेल्पर कापायला लागला.

डॉन सेनॉन एकसष्ट वर्षांचा, ग्वारानी जमातीचा म्हातारा होता, त्याच गुइरारेंदाचा. नऊ महिने त्याने लिसांद्रोचे जोड घासून दिले होते, आणि नऊ महिने आपला दिवसाआडचा हिवताप लपवला होता. आजारी माणसाला कंपनी घरी पाठवते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"डॉन सेनॉन, ताप आहे का तुम्हाला?"

"नाही, मेस्त्री. जरा थंडी वाजतेय, एवढंच."

एवढंच म्हणताना दातावर दात वाजत होते. ओठ जांभळे पडले होते. ट्रक जोडाचा एक्स-रे काढणाऱ्या फिल्मवाल्यांना आणायला गेलेला, बर्नरची टाकी रिकामी, वरून बर्फासारखी भुरभुर सुरू झालेली, काडी पेटेना. खड्ड्यात ते दोघं आणि तो जोड. म्हातारा गुडघ्यावर बसला, मग कुशीवर पडला, आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

मैलभरात ऊबदार वस्तू एकच होती. लिसांद्रोने तार सोडली, कांबळं काढलं आणि सेनॉनला त्यात गुंडाळलं. पाचच मिनिटं, असं त्याने स्वतःला सांगितलं. ट्रक चाळीस मिनिटांनी आला. आवाज ऐकताच त्याने कांबळं पुन्हा जोडावर घातलं, पण घालताना हात लागला तर जोड साध्या दगडासारखा गार झालेला.

नियमाप्रमाणे जोडाची फिल्म दोन दिवसांनी काढायची असते. फोरमन रुफिनो म्हणाला, "पाऊस येतोय, खड्डा भरला तर तुझा बाप उपसणार का? काढा फिल्म आणि बुजवा." फिल्म काढली. स्वच्छ आली. येणारच होती, इतक्या लवकर चीर पडतच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यावर माती पडली आणि लिसांद्रोने कागदावर सही केली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता सहा आठवडे गेले.

आज मात्र तारीख ठरली होती.

दुपारी तो मोंतेयानोच्या कचेरीत गेला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"साहेब, ती चार चार एक सातची फिल्म पुन्हा बघता का?"

"का रे? काय झालं?"

"काही नाही. सुरासो होता ना त्या दिवशी, म्हणून आपलं."

मोंतेयानो वाईट माणूस नव्हता. चार दिवस झोप नसलेला माणूस होता. त्याने कपाटातून फिल्म काढून खिडकीशी धरली. "हे बघ. आरशासारखी आहे. तुझ्या फिल्मा मी पोरांना शिकवायला वापरतो, आरामायो." फिल्म खाली ठेवता ठेवता त्याने सहज विचारलं, "कांबळं पूर्ण वेळ होतं ना?"

हाच प्रश्न होता. याचंच उत्तर द्यायला तो आला होता. 'नाही' एवढं दोन अक्षरांचं काम. पण त्या दोन अक्षरांमागे त्याला सगळं दिसलं. वेल्डरचं कार्ड टेबलावर, तापकरी सेनॉन ट्रकमध्ये, दारात उभी नेलिदा, आणि 'अठ्ठावीस वर्षं केलंस ते हेच का?' असं काहीही न बोलता विचारणारे तिचे डोळे.

"हो," लिसांद्रो म्हणाला.

"मग जा, झोप काढ. म्हातारा झालास तू."

बाहेर आला आणि त्याच क्षणी गॅस रेटणाऱ्या स्टेशनवर पहिल्या कॉम्प्रेसरची चाचणी सुरू झाली. आधी शीळ, मग घरघर, मग असा काही आक्रोश की छातीची हाडं हलावीत. स्टेशनच्या कुंपणावरची पाखरं उठली. लिसांद्रोने चक्क कान झाकून घेतले आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. हे यंत्र रविवारपासून रात्रंदिवस त्या जोडावर रेटा देत राहणार होतं. दहा वर्षं, वीस वर्षं. जोड कधीतरी दमणारच, असं त्याच्या मनाने घेतलं.

शुक्रवारी त्याच्या टोळीला धोक्याच्या पाट्या रोवायला गुइरारेंदाला धाडलं. सेनॉन ट्रकमध्ये मागे बसून गाणं म्हणत होता. गावी जायचं म्हणून त्याने केस ओले करून विंचरले होते. लिसांद्रोने माती पडल्यापासून ती जागा पाहिलीच नव्हती. पाहायचं टाळलंच होतं म्हणा ना.

ट्रकमधून उतरला आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

गुइरारेंदाच्या आसपास सगळा उतार, काटे आणि दगड. जन्मात पहिल्यांदा गावाला तीस पावलं रुंद, सपाट, झाडं काढलेली जमीन मिळाली होती. पट्ट्यावर घर बांधू नका, नांगर घालू नका, असं कंपनीने बजावलं होतं. खेळू नका असं कोणी म्हणालं नव्हतं. गावाने तिथे फुटबॉलचं मैदान केलं होतं. चुन्याच्या रेघा मारलेल्या. एका बाजूला क्वेब्राचो झाडाच्या फांद्यांचा गोल, आणि त्या गोलाच्या पुढ्यात, जिथे गोलरक्षक उभा राहतो बरोबर तिथे, जमिनीखाली दोन हातांवर, चार हजार चारशे सतरा.

"कसं आहे मैदान, मेस्त्री?" सेनॉनची मुलगी पेत्रोना हातमोजे घालून गोलात उभी होती. तीन मुलांची आई, दंड लाकूड फोडून फोडून भक्कम झालेले. "रविवारी बायकांची स्पर्धा आहे. बारा गावं येणार. बक्षीस गोऱ्हा आहे, आणि तो मी दुसऱ्या गावात जाऊ देणार नाही."

"रविवारी?" लिसांद्रोचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"रविवारीच. तुमचा मंत्री तिकडे बटण दाबणार, आम्ही इकडे गोल मारणार. बघू कोणाकडे गर्दी होते ते!"

तिने पाय आपटून चेंडू उडवला. लिसांद्रोला तो पाय जमिनीवर आपटलेला पोटात जाणवला.

सेनॉनच्या घरी त्याच्यासाठी बोकड कापला होता. घर मैदानापासून साठ पावलांवर, पाहुणा मेस्त्री म्हणून त्याला एकुलत्या एका पाठीच्या खुर्चीवर बसवलं. मक्याची दारू, चिचा, भोपळ्याच्या कवटीतून हातोहात फिरत होती. आणि सेनॉन आल्यागेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होता.

"मी मेलोच होतो. पलीकडचे लोक दिसायला लागले होते मला. आणि या माणसाने, बघा, या माणसाने कंपनीचं कांबळं माझ्या अंगावर घातलं! तापलेलं, चुलीसारखं! दुसरा असता तर म्हणाला असता, मर म्हाताऱ्या."

म्हाताऱ्या बायका येऊन लिसांद्रोच्या खांद्याला हात लावून जात होत्या. एकीने त्याच्या ताटलीत बोकडाची बरगडी वाढली. तिची नातवंडं दारात, मातीत, चेंडूच्या मागे लोळत होती. इथली प्रत्येक व्यक्ती त्याचे आभार मानत होती, आणि लिसांद्रो मनात मोजत होता की साठ पावलांवर काय उरेल. लाइन फुटून आगीने खड्ड्याची काच झालेली त्याने तरुणपणी एकदा पाहिली होती. त्या ठिकाणी काय होतं हे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

त्याने ताटली खाली ठेवली. "डॉन सेनॉन, जरा बाहेर येता?"

कॅरोबच्या झाडाखाली त्याने सगळं सांगितलं. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. सेनॉनच्या गालात कोकाच्या पानांची गोळी होती, ती चघळायचा तो थांबला.

"म्हणजे माझ्यामुळे," शेवटी म्हातारा म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही. कांबळं मी काढलं."

"त्या वेळी मला विचारलं असतंत तर मी म्हणालो असतो, मला राहू द्या, जोड झाका."

"म्हणूनच विचारलं नाही."

सेनॉनने मान हलवली. एवढ्यावर मिटलं असतं तर बरं, असं लिसांद्रोला वाटलं. पण म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता, आणि इतक्या महिन्यांत त्या डोळ्यांत न दिसलेलं काहीतरी आता दिसत होतं.

"ते ठीक. त्या दिवशी विचारायला वेळ नव्हता. पण नंतर सहा आठवडे होते, मेस्त्री. सहा आठवडे माझी नातवंडं तिथे नाचतायत. रोज सकाळी माझ्याबरोबर चहा घेत होतात तुम्ही. एकदाही नाही?"

लिसांद्रो घाबरला होता, हे खरं उत्तर होतं, पण ते काय सांगायचं.

"मला भीती वाटली," तरीही तो म्हणाला.

सेनॉनने तोंडातली गोळी थुंकली आणि पाठ वळवून घरात गेला. लिसांद्रोला वाटलं, संपलं. पण म्हातारा टोपी घालून परत आला.

"चला. ट्रक काढायला सांगा. आणि साहेबासमोर माझं नाव गाळू नका. गाळलंत तर मी स्वतः सांगेन."

मोंतेयानोच्या कचेरीत फोरमन रुफिनोही बसला होता, मंत्र्यांच्या मांडवाचा हिशोब घेऊन. लिसांद्रोने या वेळी टोपी हातात घेतली नाही, दारातही थांबला नाही. थांबलो तर पुन्हा 'हो' म्हणू, याची त्याला खात्री होती.

"साहेब, बुधवारी मी खोटं बोललो. कांबळं चाळीस मिनिटं जोडावर नव्हतं."

मोंतेयानोने हिशोबाचा कागद बाजूला सारला.

"कुठे होतं?"

"माझ्या अंगावर," मागून सेनॉन म्हणाला. "मला हिवताप आहे, साहेब. दोन वर्षं झाली."

रुफिनो उसळून उठला. "पिऊन आलेत दोघं! गावात चिचा ढोसून आलेत! साहेब, फिल्म स्वच्छ आहे, कागदावर याचीच सही आहे. परवा मंत्री यायचेत आणि हा आज खड्डे खणायला सांगतोय!"

"फिल्मवरची वेळ बघा," लिसांद्रो म्हणाला. त्याने टेबलाची कड धरली. "एवढंच करा, साहेब. वेळ बघा."

मोंतेयानोने कपाट उघडलं. फिल्मचा कागद काढला. वाचला, पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दोन दिवसांच्या जागी दोन तास होते, आणि त्याखाली त्याची स्वतःची सही होती. आता त्या खोलीत घाबरलेली माणसं तीन झाली. रुफिनो धरला तर चार.

"बस खाली," मोंतेयानो म्हणाला. "हे सगळं लिहून दे. स्वतःच्या हाताने."

"लिहिलं की याचं कार्ड गेलं," रुफिनो गुरकावला. "कळतंय ना तुला, आरामायो? बॉर्डरपासून समुद्रापर्यंत कोणी तुला कुंपणाची तारसुद्धा जोडायला देणार नाही."

"कळतंय," लिसांद्रो म्हणाला आणि बसला. त्याचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं. एक पान लिहायला पाऊण तास लागला. सेनॉन तोवर दारात उभाच होता. खाली अंगठा कुठे लावू, असं त्याने विचारलं, तेव्हा मोंतेयानो त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तुझी गरज नाही." पण म्हाताऱ्याने शाईचं पॅड स्वतःच ओढून घेतलं.

शनिवारी सकाळी गुइरारेंदाचं मैदान खणलं गेलं. पेत्रोना आणि तिच्या संघातल्या बायका दूर उभ्या राहून बघत होत्या. यंत्राने वरची माती काढली, खालची माणसांनी फावड्यांनी. पाइप उघडा पडला, काळं वेष्टण कापलं, आणि पिवळा एकतीस दिसला. रंग अगदी ताजा राहिला होता.

तपासायला सांताक्रूझहून ग्लादिस नावाची मुलगी आली होती. तिच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र, गळ्यात छोटा पडदा. पोलादातून आवाज पाठवायचा आणि तो कुठे अडतो ते बघायचं. तिने जोडाला तेल लावलं आणि वरून सुरुवात केली. बोटभर सरकायची, थांबायची, पुन्हा बोटभर. मोंतेयानो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तिसरी सिगारेट चालू होती, आणि गॅस लाइनीजवळ सिगारेट ओढू नये असं त्याला सांगायची कोणाची छाती नव्हती.

लिसांद्रो खड्ड्यातच उभा होता. त्याला स्वतःचंच कोडं पडलं होतं. चीर निघाली नाही तर तो वेडा ठरणार, शंभर माणसांचा खोळंबा केलेला, मंत्र्याचा खेळ बिघडवलेला, आणि कार्ड तर गेलंच. चीर निघाली तर तो गुन्हेगार, सहा आठवडे गप्प बसलेला. देवाकडे काय मागावं हेच त्याला समजत नव्हतं. त्याने काहीच मागितलं नाही.

वरचा भाग नीट होता. डावी बाजू नीट होती. उजवी नीट होती. रुफिनो काठावरून मोठ्याने म्हणाला, "झालं समाधान?"

ग्लादिस पाठीवर झोपून पाइपाखाली गेली. तिचे बूट तेवढे दिसत होते. ते थोडे पुढे सरकले, थांबले. मग मागे आले आणि पुन्हा पुढे सरकले. बराच वेळ ते हललेच नाहीत.

"इंजिनियरसाहेब," खालून तिचा आवाज आला, अगदी हळू. "खाली या. तुम्हीच बघा."

चीर चार बोटं लांब होती. पाइपाच्या तळाशी, जिथे खड्ड्यातला वारा सगळ्यात गार वाहिला असेल. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, बोट फिरवलं तरी लागत नव्हतं. मोंतेयानो वर आला तेव्हा त्याच्या पाठीला ओला चिखल लागला होता. त्याने मैदानाच्या टोकाला उभ्या बायकांकडे पाहिलं, मग त्यांच्या मुलांकडे, आणि टोपी काढून हातात धरली. कोणी गेल्यावर काढतात तशी.

"कापा," तो म्हणाला. "आज गॅस सुटणार नाही."

"आणि मंत्री?" रुफिनो.

"मंत्री बटण दाबतील. कॉम्प्रेसर हवेवर गरगर फिरेल. त्यांना काय कळतंय." मग तो लिसांद्रोजवळ आला. "कार्ड द्यावं लागेल, आरामायो. तुझ्या कबुलीच्या कागदावरची जुलैची तारीख माझ्या वरच्यांनीही बघितलीय."

लिसांद्रोने खिशातून कार्ड काढून दिलं. अठ्ठावीस वर्षांचं प्लॅस्टिक, कोपरे झिजलेले. त्याला वाटलं होतं, हात हलका होईल. झाला नाही. सेनॉनलाही संध्याकाळपर्यंत हिशोब करून मोकळं केलं, तापकरी म्हणून. नवा जोड करायला याक्विबाहून दुसरा वेल्डर मागवला. लिसांद्रोने खड्ड्याच्या काठावर बसून त्याचं काम शेवटपर्यंत पाहिलं. कोणी त्याला उठ म्हणालं नाही.

रविवारी सकाळी तो गुइरारेंदाच्या फाट्यावर कामिरीच्या बसची वाट बघत उभा होता. वाळलेल्या नदीच्या पात्रात, वाळूत, बायकांची स्पर्धा सुरू झाली होती. पट्ट्यावर खेळायची परवानगी गावाने स्वतःच स्वतःला नाकारली होती. वाळूत चेंडू उसळत नव्हता, त्यावरून बाराच्या बारा गावांच्या बायका पंचाला शिव्या देत होत्या आणि पेत्रोनाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मंत्र्यांच्या गाड्या झेंडे लावून धूळ उडवत स्टेशनकडे गेल्या. लिसांद्रोने रुमालाने तोंड पुसलं.

सेनॉन त्याला सोडायला आला होता. आता हा माणूस आपल्याशी बोलणार नाही, असं लिसांद्रोने धरलं होतं. म्हातारा खरोखरच फारसा बोलला नाही. बस थांबली तशी लिसांद्रो आपल्या हत्यारांच्या लोखंडी पेटीला वाकला, तर सेनॉनने त्याचा हात बाजूला केला.

"अहो, राहू द्या. जड आहे. आणि आता मी तुमचा मेस्त्री नाही."

"मेस्त्रीची पेटी हेल्पर उचलतो," सेनॉन म्हणाला. एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाने पेटी खांद्यावर घेतली, पायऱ्या चढून आत नेली, सीटखाली नीट सरकवली, खाली उतरला आणि टोपीला हात लावला. बस निघाली.

कामिरीपर्यंत रस्ता पट्ट्याला चिकटूनच जातो. खिडकीबाहेर ती तीस पावलांची उघडी माती चढावर चढत होती, नाल्यात उतरत होती, पुन्हा वर येत होती. तिच्याखाली एकतीस नंबरचे अकराशे बेचाळीस जोड होते. सगळे पाण्याने तपासलेले, सगळ्यांच्या फिल्मा स्वच्छ. लिसांद्रोला प्रत्येकाचा दिवस आठवायचा होता. ऊन होतं का, वारा होता का, हात थकला होता का, मन कुठे होतं. एकेक करून तो सगळ्यांपाशी थांबत होता, आणि काहींपाशी त्याला काहीच आठवत नव्हतं. तिथे त्याच्या तळव्यांना घाम सुटत होता.

शेजारी कोंबडीची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी बसली होती. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.

"बाबा, तेवढा पडदा ओढा ना," ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने त्याच्या कोपराला हात लावला.

"जरा थांबा, आजी," लिसांद्रो काचेवरून नजर न काढता म्हणाला. "अजून माझेच जोड चाललेत."